दुसऱ्या श्रवणाचा प्रश्न

संगीताच्या इतिहासाची साधने म्हणून ग्रंथ, बंदिशींचे संग्रह, ध्वनिमुद्रिका, चरित्रे आणि आठवणी यांची नावे घेतली जातात; सभागृहाच्या मासिक कार्यक्रमपत्रिकेचे नाव सहसा कोणी घेत नाही. महिना उलटला की ती रद्दीत जाते. वस्तुतः एखाद्या नगरात कोणते संगीत ऐकले जाते, कोणाला कोणता वार आणि कोणती वेळ मिळते आणि श्रोत्याविषयी संयोजकाची कल्पना काय आहे, याचा इतका सरळ पुरावा अन्यत्र मिळणे कठीण. बंगळूरसारख्या नगराच्या बाबतीत तर हा कागद विशेष लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. कारण दोन अभिजात संगीतपद्धती, पाश्चात्त्य संगीत, जॅझ आणि ज्याला सोयीसाठी ‘प्रायोगिक’ म्हटले जाते असे संगीत, ही सर्व तेथे एकाच महिन्याच्या चौकटीत शेजारी शेजारी येऊन बसतात.

अशा पत्रिकेचे स्वरूप साधारणपणे ठरून गेलेले असते. एका शनिवारी ख्यालगायन, त्यानंतर कर्नाटक पद्धतीचे वीणावादन, मग पाश्चात्त्य तंतुवाद्यांचे चतुष्टय, मध्येच एखादी जॅझची संध्याकाळ, आणि महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात मृदंग, संगणक आणि ध्वनिवर्धक यांना एकत्र आणणारा एखादा प्रयोग. पत्रिका हातात घेणाऱ्याला प्रथम जाणवते ती विविधता, आणि संयोजकाची प्रशंसा होते तीही तिच्यासाठीच. ही प्रशंसा अनाठायी आहे असे म्हणण्याचे कारण नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी एका नगराच्या श्रोत्याला एका महिन्यात इतके निरनिराळे संगीत ऐकण्याची सोय भारतात क्वचितच होती.

परंतु या संध्याकाळी समान अटींवर होत नसतात. ख्यालगायक यमन मांडतो तेव्हा समोरच्या श्रोत्याने तो राग कित्येकदा ऐकलेला असतो. तीव्र मध्यम केव्हा येणार, निषादावरचा ठहराव कसा होणार, याची अपेक्षा त्याच्या कानात आधीच तयार असते आणि गायकाचे कर्तृत्व तो त्या अपेक्षेशी ताडून पाहतो. वीणावादनाच्या वेळीही तेच घडते. त्यागराजांची कृती ओळखण्यास जाणत्या श्रोत्याला पहिली ओळ पुरी व्हावी लागत नाही. महिनाअखेरच्या प्रयोगाला मात्र असा कोणताच आधार नसतो. त्याचे पहिले श्रवण हेच बहुधा अखेरचे श्रवण असते. ज्याची पुनरावृत्ती शेकडो वेळा झालेली आहे आणि ज्याची एकदाही होणार नाही, अशा दोन गोष्टी एकाच पत्रिकेत एकाच आकाराच्या अक्षरांत छापल्या म्हणजे त्यांना समान न्याय मिळाला, अशी समजूत करून घेतली जाते. श्रोता घरी जाताना म्हणतो की प्रयोग ‘काही कळला नाही’. त्याचे म्हणणे खोटे नसते. पण यमन तरी त्याला पहिल्या दिवशी कोठे कळला होता?

बंगळूरच्या जुन्या संस्थांचे बळ कशात होते हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. ‘बंगळूर गायन समाज’ १९०५ मध्ये स्थापन झाला. चामराजपेठेतील श्रीरामसेवा मंडळीने १९३९ मध्ये सुरू केलेला रामनवमीचा संगीतोत्सव पुढे फोर्ट हायस्कूलच्या पटांगणावर नगराचा वार्षिक कुलाचार होऊन बसला. तेथे कर्नाटक संगीताबरोबर हिंदुस्थानी गायक-वादकांनाही मानाने बोलावले गेले. भीमसेन जोशींचे गाणे बंगळूरला परके वाटले नाही याचे श्रेय त्यांच्या कन्नड मातृभाषेला आणि दासवाणीला जसे आहे तसे या उत्सवी श्रवणालाही आहे. या संस्थांनी विविधतेचा गाजावाजा केला नाही. तेच कलावंत, तेच राग, त्याच कृती त्यांनी वर्षानुवर्षे ऐकवल्या आणि त्या पुनरावृत्तीतून एक श्रोतृवर्ग घडत गेला. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने उभे राहिलेले रवींद्र कलाक्षेत्र किंवा त्यानंतरची मोठी सभागृहे यांचे स्वरूप निराळे. ती मुख्यतः भाड्याने मिळणारी सभागृहे आहेत. तेथे महिन्याचा कार्यक्रम कोणी योजत नाही. तो तारखांच्या नोंदवहीत आपोआप साठत जातो. एक दिवस नाटक, दुसऱ्या दिवशी शाळेचे स्नेहसंमेलन, तिसऱ्या दिवशी अरंगेट्रम. यालाही विविधता म्हणता येईल, पण तिच्यामागे कोणाचाही विचार नसतो.

या मोठ्या सभागृहांपैकी जे सर्वांत प्रसिद्ध, त्याच्या नावातच या चर्चेचे एक उत्तर दडलेले आहे. चौडय्या स्मारक सभागृह १९८० मध्ये खुले झाले. अभियंता के. के. मूर्ती यांच्या पुढाकाराने ‘अकॅडमी ऑफ म्यूझिक’ या संस्थेने ते बांधले. हजाराहून अधिक आसनांची ही वास्तू व्हायोलिनच्या आकाराची आहे. तारा, खुंट्या, घोडी हे सर्व अवयव तिच्या बांधणीत दाखवलेले आहेत. वास्तुकलेच्या दृष्टीने या कल्पनेत काहीसा बाळबोधपणा आहे हे नाकारता येत नाही. वाद्याच्या आकाराच्या घरात वाद्याचा नाद येतोच असे नाही. परंतु ज्या वादकाच्या स्मरणार्थ ही वास्तू उभी राहिली त्याची गोष्ट मोलाची आहे.

टी. चौडय्या (१८९५–१९६७) हे म्हैसूरच्या बिडारम कृष्णप्पांचे शिष्य. ज्या काळात ते संगत करीत त्या काळात ध्वनिवर्धक सर्वत्र नव्हते. उत्सवाच्या मंडपात किंवा देवळाच्या प्रांगणात मागे बसलेल्या श्रोत्यापर्यंत व्हायोलिनचा नाजूक आवाज पोहोचत नसे. त्यावर उपाय म्हणून चौडय्यांनी मूळच्या चार तारांना आणखी तीन तारांची जोड दिली आणि त्या खालच्या सप्तकात मिळवून वाद्याचा नाद भरदार केला. सात तारांचे हे व्हायोलिन म्हणजे सरळसरळ प्रयोग होता. एका युरोपीय वाद्याची रचना बदलून ते अभिजात मैफलीत आणणे हे धाडस त्या काळच्या सनातनी कानांना सहज रुचण्यासारखे नव्हते. तरी ते रुचले. का रुचले? चौडय्यांनी त्या वाद्याचा स्वतंत्र ‘प्रायोगिक’ कार्यक्रम केला नाही. अरियाकुडी रामानुज अय्यंगार, चेंबै वैद्यनाथ भागवतर अशा थोर गायकांच्या मागे बसून ते वाद्य त्यांनी मैफलीमागून मैफलीत वाजवले. लोक ज्या गायकाला ऐकावयास येत त्याच्या बरोबरीने त्यांना तो नवा नादही ऐकावा लागे. दहाव्या वेळी त्यांना तो नवा वाटेनासा झाला. १९५७ मध्ये मद्रासच्या म्यूझिक अकॅडमीने चौडय्यांना ‘संगीत कलानिधी’ ही पदवी दिली तेव्हा सात तारांचा वादविषय केव्हाच मागे पडला होता.

मुळात व्हायोलिन तरी दक्षिणेत कसे रुजले? मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी दीक्षित मद्रासमध्ये युरोपीय वादकाकडून ते शिकले. तंजावरच्या चार बंधूंपैकी वडिवेलू यांनी ते पुढे नेले, आणि त्यांना स्वाती तिरुनाळ महाराजांनी हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरवले. वडिवेलूंची ही घडण तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात झाली. दुसऱ्या सरफोजीराजांच्या पदरी युरोपीय वाद्यांचा ताफा होता, आणि याच राजाने कुरवंजीच्या तमिळ साच्यात पृथ्वीच्या भूगोलाचे वर्णन करणारी ‘देवेंद्र कुरवंजी’ मराठीत रचली. मराठी वाचकाला हा सर्व इतिहास दूरचा वाटतो, कारण तंजावर त्याच्या नकाशाच्या कडेला पडते. परंतु त्या घराण्याची वाट बंगळूरवरूनच गेलेली आहे. १६३८ नंतर शहाजीराजांचा मुक्काम बंगळुरात होता, आणि जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’त त्या दरबाराचे जे चित्र रेखाटले आहे त्यात अनेक भाषांचे कवी एकाच सभेत समस्यापूर्ती करताना दिसतात. बंगळूरच्या पत्रिकेतील आजची बहुविधता ही परदेशातून आलेली चूष आहे असे म्हणणाऱ्यांनी वि. का. राजवाडे यांनी संपादित केलेला हा ग्रंथ एकदा चाळावा.

तेव्हा अभिजात आणि प्रायोगिक अशी जी विभागणी पत्रिकेत केली जाते ती काळाची विभागणी आहे, प्रकृतीची नव्हे. जे पुरेशा वेळा ऐकले गेले ते अभिजाताच्या रांगेत आले. जे एकदाच ऐकले गेले ते प्रयोग म्हणूनच विसरले गेले. प्रत्येक प्रयोग पुरेशा वेळा ऐकला की अभिजात होतो, असा याचा अर्थ नाही. पुष्कळसे प्रयोग दुसऱ्या श्रवणात उघडे पडतील आणि पडावेतही. पण आज जो निकाल लागतो तो पहिल्याच सुनावणीत लागतो, आणि अपिलाची तरतूद नसते.

या अन्यायाची जाणीव अन्यत्र फार पूर्वी झाली होती. आर्नोल्ड शोनबर्ग या संगीतकाराने १९१८ मध्ये व्हिएन्नात खाजगी संगीतप्रयोगांसाठी एक संस्था काढली. तिचे नियम विलक्षण होते. प्रवेश सभासदांनाच, वृत्तपत्रीय समीक्षकांना मज्जाव, टाळ्या वाजवण्यास बंदी, आणि त्या संध्याकाळी काय वाजणार हे आधी जाहीर करावयाचे नाही, म्हणजे सभासद निवडक दिवशी येऊन बाकीच्या दिवशी दांडी मारणार नाहीत. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की अवघड रचना पुन्हा पुन्हा वाजवावयाची. संस्था १९२१ मध्ये पैशाअभावी बंद पडली. पण तेवढ्या अवधीत शंभरावर कार्यक्रमांत दीडशेच्या आसपास रचना सादर झाल्या आणि त्यांची एकूण वादने साडेतीनशेच्या घरात गेली. म्हणजे सरासरीने प्रत्येक रचना दोनदा तरी वाजली. शोनबर्गचे नियम बंगळुरात जसेच्या तसे आणावेत असे कोणी म्हणणार नाही. टाळ्यांवर बंदी घातली तर दक्षिणेतला श्रोता तनि आवर्तनाच्या वेळी हाताने ताल कसा धरणार, हाही प्रश्न निघेल! तत्त्व मात्र घेण्यासारखे आहे. संस्थेने नव्या संगीताला व्यासपीठ दिले एवढ्यावर ती थांबली नाही. तिने त्याला दुसरी संधी दिली.

म्हैसूर संस्थानाच्या अखेरच्या पर्वात याच तत्त्वाचा एक उदात्त आविष्कार घडला, आणि त्याची हकीकत बंगळूरच्या सभागृहांना त्यांच्या अंगणातील म्हणून सांगता येईल. जयचामराज वडियार हे महाराज पाश्चात्त्य पियानोचे अभ्यासक होते. कर्नाटक पद्धतीत त्यांनी चौऱ्याण्णव कृती रचल्या, हा त्यांच्या कर्तृत्वाचा दुसरा भाग. निकोलाय मेट्नर हा रशियन संगीतकार त्या वेळी लंडनमध्ये वृद्धापकाळ, आजार आणि उपेक्षा यांत दिवस काढीत होता. महाराजांनी पैसा पुरवून १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणाची व्यवस्था केली. मेट्नरने आपले तीनही पियानो-कन्चेर्टो स्वतः वाजवून मुद्रित केले आणि तिसरा महाराजांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. १९५१ मध्ये तो निवर्तला. १९५० मध्ये लंडनमध्ये रिचर्ड श्ट्राउसच्या अखेरच्या चार गीतांचे पहिले गायन झाले त्यालाही महाराजांचेच साहाय्य होते. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. श्ट्राउसच्या बाबतीत महाराजांनी एका संध्याकाळीचा भार उचलला. मेट्नरच्या बाबतीत त्यांनी पुन्हा ऐकण्याची सोय करून दिली. श्ट्राउस आधीच जगन्मान्य होता, त्याला एक संध्याकाळ पुरेशी होती. मेट्नरला ती पुरली नसती. आज मेट्नरचे जे नाव उरले आहे त्यात त्या मुद्रिकांचा वाटा मोठा आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण अहमदाबादचे आहे आणि ते अस्वस्थ करणारे आहे. १९६९ मध्ये तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर याच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला गेला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर आणि एस. सी. शर्मा यांनी १९६९ ते १९७२ या काळात तेथे रचना केल्या. गीता साराभाईंचा अधिकार तर असा की १९४० च्या दशकात अमेरिकेत जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख त्यांनीच करून दिली होती. यंत्र होते, कलावंत होते, संस्थेचे पाठबळही होते. नव्हता तो एक मासिक कार्यक्रम, ज्यात या रचना महिन्यामागून महिना लोकांच्या कानांवर पडल्या असत्या. फिती संग्रहालयात पडून राहिल्या. पॉल पर्गस या संशोधकाने त्यांचा शोध घेतल्यावर २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने बाहेर आल्या. मधल्या पन्नास वर्षांत भारतातील इलेक्ट्रॉनिक संगीताच्या दोन पिढ्या या पूर्वसूरींची ओळखही नसताना घडल्या. प्रत्येकाला आरंभ शून्यापासून करावा लागला. हा तोटा मोजण्याचे साधन नाही, पण तो लहान नाही.

मराठी श्रोत्याला हा विचार पटण्यास अडचण पडू नये, कारण पुनःश्रवणाची त्याची स्वतःची संस्था होती: ‘वन्समोअर’. संगीत रंगभूमीच्या बहराच्या काळात एकेका पदाला मिळणाऱ्या वन्समोअरमुळे नाटक पहाटेपर्यंत लांबत असे, आणि त्याची थट्टाही पुष्कळ झाली आहे. नाट्याच्या एकसंधतेच्या दृष्टीने ती प्रथा घातक होती हे खरेच. परंतु श्रवणाच्या दृष्टीने तिचे कार्य निराळे होते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा त्यातील संगीत हे मिश्रणच होते. गुर्लहोसूरच्या या लेखकाने साकी-दिंडीबरोबर कानडी चालीही घेतल्या होत्या. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाची ठुमरी आणि कजरी यांचे वळण मराठी पदांना दिले, ते त्या वेळच्या प्रेक्षकाला सर्वस्वी नवे होते. तो प्रेक्षक पद संपताच पुन्हा मागू लागला, आणि थोड्याच वर्षांत ते नवे वळण ‘आपले नाट्यसंगीत’ या नावाने परंपरेत जाऊन बसले. आज बंगळुरातील मराठी कुटुंबे नाट्यपदांच्या किंवा अभंगांच्या कार्यक्रमाला गर्दी करतात आणि महिनाअखेरच्या प्रयोगाला पाठ दाखवतात. ज्या गाण्यासाठी ती जातात ते गाणेही एके काळी प्रयोगच होते, याची आठवण त्यांना कोणी करून देत नाही.

कार्यक्रम हीच एक रचना मानण्याची दृष्टीही मराठी संगीतविश्वात परकी नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या आणि देवासला स्थायिक झालेल्या कुमार गंधर्वांनी ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ या कार्यक्रमांत ऋतूच्या सूत्राने बंदिशी आणि माळव्याची लोकगीते एकत्र गुंफली. एकामागून एक राग गाण्याऐवजी संपूर्ण संध्याकाळीला आकार द्यावयाचा, हा त्यामागचा विचार. अशोक दा. रानडे यांनी प्रथम मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्रात आणि पुढे नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये राहून ‘देवगाणी’सारख्या कार्यक्रमांतून संशोधनाला मैफलीचे रूप दिले. त्या केंद्राचे टाटा थिएटर १९८० मध्येच, म्हणजे चौडय्या सभागृहाच्या वर्षीच, खुले झाले, आणि भारतीय संगीत ध्वनिवर्धकाशिवाय ऐकू यावे अशी त्याची ध्वनिरचना योजलेली होती. दोन नगरांनी एकाच वर्षी चौडय्यांच्याच अडचणीकडे पाहिले, असे म्हणता येईल. मुंबईने त्यासाठी वास्तू घडवली, बंगळूरने वास्तूला वाद्याचा आकार दिला.

आक्षेप अर्थातच आहेत. पहिला आक्षेप तात्त्विक आहे आणि तो वजनदार आहे. प्रायोगिक संगीत पुष्कळदा उत्स्फूर्त असते. त्याची लिखित रचना नसते. मग पुनरावृत्ती कशाची करावयाची? पण ख्यालही दोनदा सारखा गायिला जात नाही. पुनरावृत्ती होते ती रागाच्या चौकटीची, गायकाच्या आवाजाच्या परिचयाची आणि त्याच्या विचारपद्धतीच्या सहवासाची. तसा सहवास नव्या संगीतालाही देता येतो. टी. ए. एस. मणी यांनी १९६४ मध्ये बंगळुरात कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन स्थापन केले. आर. ए. रमामणी यांचा स्वर, मणींचा मृदंग आणि अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मरियानो यांचे वादन यांचा मेळ एका रात्रीत जुळलेला नव्हता. १९८३ मध्ये ‘ज्योती’ या नावाने त्यांची ध्वनिमुद्रिका जर्मनीतील ई. सी. एम. या संस्थेने प्रकाशित केली. तीमध्ये ऐकू येणारी सहजता दीर्घ सहवासाची आहे. कलावंतांना एकमेकांच्या सहवासाची गरज असते हे सर्व मान्य करतात. श्रोत्यालाही ती असते, हे मात्र कार्यक्रम ठरवताना विसरले जाते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. पहिल्या दिवशी शंभर माणसे आली तर दुसऱ्या दिवशी पन्नासच येतील, असे संयोजक म्हणतात. कदाचित तसेच होईल. मल्लेश्वरमहून दोमलूरला संध्याकाळी पोहोचावयाचे म्हणजे तिकिटापेक्षा वाहनांच्या कोंडीची किंमत अधिक मोजावी लागते, आणि ज्याविषयी खात्री नाही अशा संगीतासाठी ती दोनदा कोण मोजणार? पण नगरातच याचे प्रत्यंतर आहे. २००४ मध्ये अरुंधती नाग यांच्या प्रयत्नांतून शंकर नाग यांच्या स्मरणार्थ ‘रंगशंकरा’ उभे राहिले तेव्हा जे. पी. नगरात रोज एक नाटक ही कल्पना भाबडी वाटली होती. वेळ झाली की दार बंद, उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही, हा तेथील दंडक तर प्रेक्षकाला दुखावणाराच. प्रेक्षक तरीही टिकला, कारण ती संस्था त्याच्याकडून काय अपेक्षा करते हे त्याला स्पष्ट कळले होते. दोघेही नाग मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेले होते, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. नाटकाचे प्रयोग शंभर वेळा करावयाचे असतात हे त्या रंगभूमीला वेगळे शिकवावे लागत नाही. नाटकाच्या शंभराव्या प्रयोगाचा सत्कार होतो, आणि संगीताच्या प्रयोगाला दुसरी तारीखही मिळू नये, हा भेद कोणत्या न्यायाने?

२०१९ नंतर दोमलूरच्या बंगळूर इंटरनॅशनल सेंटरसारख्या, स्वतः कार्यक्रम योजणाऱ्या संस्थांमुळे नगराची परिस्थिती बदलली आहे. तेथे संगीताबरोबर व्याख्यान, चित्रपट, प्रदर्शन यांनाही जागा आहे. त्याच वर्षी जे. पी. नगरात इंडियन म्यूझिक एक्स्पीरियन्स हे संगीताचे संग्रहालय खुले झाले. भाड्याच्या नोंदवहीवर अवलंबून नसलेल्या अशा संस्थांना जे करता येईल ते इतरांना करता येणार नाही, म्हणून अपेक्षाही त्यांच्याकडूनच करावयाची. प्रयोग करणाऱ्या एकाच वाद्यवृंदाला वर्षातून तीनदा बोलवावे, आणि त्यासाठी पत्रिकेतील चार-दोन नवी नावे कमी झाली तरी चालतील. नव्या तालवाद्यप्रयोगाच्या आधीच्या आठवड्यात मृदंग आणि घटम् यांचे पारंपरिक तनि आवर्तन ठेवावे, म्हणजे श्रोता हिशेबाचा ताजा कान घेऊन येईल. रचना वीस मिनिटांची असेल तर मध्यंतरानंतर तीच पुन्हा वाजवण्यास हरकत नसावी. यात संयोजकाचे वैविध्य थोडे घटेल आणि त्याच्यावर टीकाही होईल. पत्रिकेत नावांची संख्या अधिक असली की देणगीदार प्रसन्न होतात, हे गुपित नाही.

ध्वनिमुद्रणे जपून ठेवण्याची जबाबदारीही याच कामाचा भाग मानावी लागेल. कार्यक्रमाचे मुद्रण हल्ली बहुतेक ठिकाणी होते. ते सभागृहातच शांतपणे बसून ऐकण्याची जागा मात्र क्वचित असते. एखादी लहानशी खोली, चार खुर्च्या आणि नोंद ठेवणारा एक माणूस यांवर ते भागेल. कर्नाटक संगीताचा विद्यार्थी तेथे येऊन मागच्या महिन्याचा संगणकाचा प्रयोग ऐकील, आणि संगणकावर काम करणारा तरुण एखादी पल्लवी ऐकील, हा लाभ वेगळाच.

आणि पत्रिकेत एक बदल करता येईल. राग, ताल, रचनाकार यांच्या नोंदी जशा केल्या जातात तशी नव्या रचनेच्या नावाखाली एक बारीक ओळ असावी: ही रचना याच सभागृहात यापूर्वी अमुक महिन्यात सादर झाली होती. ती ओळ छापता यावी म्हणून पुढच्या सहामाहीतील एक तारीख आजच राखून ठेवावी लागेल, आणि तीही रामनवमीचा हंगाम टाळून. कारण त्या दिवसांत बंगळूरचा जाणता श्रोता संध्याकाळी कोठे असतो हे सर्वांना ठाऊक आहे.